सोमवारी सरकणारी गाडी

गाडी लिफ्टवर होती आणि मागचं डावं चाक मी हाताने फिरवून बघत होते. हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल. अशा वेळी एक धक्का दिला की चाकाने निदान एक-दोन फेरे घ्यायला हवेत. हे चाक अर्ध्या फेऱ्यातच अडकत होतं. उजवंही तसंच. आणि गाडीची तक्रार नेमकी उलटी होती. जॉबकार्डवर लिहिलं होतं, हँडब्रेक धरत नाही.

शकीलभाई खाली बसून टॉर्च मारत होते. आमच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. त्यांनी केबल बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "मैडम, इंदौर वालों ने कस-कस के इसका दम निकाल दिया है।"

वर्कशॉप उज्जैनला, फ्रीगंजच्या मागच्या रस्त्यावर आहे आणि मी तिथे वर्क्स मॅनेजर. आमचं घराणं शिंद्यांच्या दरबारी कारकुनांचं. सात पिढ्या लेखणी चालवून झाल्यावर पाना हातात घेणारी मीच पहिली. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून सव्वीस वर्षं झाली, तरी अजून काही गिऱ्हाइकं मला ओलांडून शकीलभाईंना विचारतात, "भैया, गाड़ी कब मिलेगी?" शकीलभाई माझ्याकडे बोट दाखवतात.

ही गाडी प्रसाद फणसे यांची. वय पंचेचाळीसच्या आसपास, इंदूरला एका ऑफिसात ऑडिटचं काम करतात. लहानपणच्या आजारात दोन्ही पायांतली ताकद गेली, त्यामुळे गाडी हातांनी चालवतात. स्टिअरिंगखाली एक दांडा बसवलेला आहे. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर. क्लच नाही, गिअर गाडी स्वतःच बदलते. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परत. ही गाडी बंद म्हणजे त्यांचं घराबाहेर पडणं बंद.

घर नदीपलीकडच्या कॉलनीत. घरापुढे चढ आहे आणि गाडी त्या चढावरच, पोर्चकडे तोंड करून उभी राहते. व्हीलचेअर असते डिकीत. म्हणून रोज संध्याकाळी त्यांची आई गाडीच्या मागे जाते, डिकी उघडते, खुर्ची काढते आणि ड्रायव्हरच्या दाराशी आणून लावते. आईचं वय चौऱ्याहत्तर.

आदल्या दिवशी, सोमवारी, आईने डिकी उघडली आणि गाडी मागे सरकली. फूटभरच. पण बंपर गुडघ्यावर बसला आणि त्या मटकन खाली बसल्या. प्रसादनी झटक्यात दांडा ढकलला म्हणून गाडी तिथेच थांबली. हे मला सांगताना त्यांचा आवाज अगदी शांत होता, हिशेबातली चूक दाखवतात तसा.

"मी पडलो तर पडलो, ताई. मला सवय आहे. पण आई मागे असते."

त्यानंतर मला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, थोडंच आहे.

या गाडीला कंपनीने मागे ड्रम ब्रेक दिले होते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. आत दोन शू असतात, ते बाहेर पसरून डब्याला घासतात आणि चाक थांबतं. त्याच मॉडेलच्या महागड्या व्हेरिएंटला मागे डिस्क येते. डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी, तिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅडने दाबतो. प्रसादना हाताने ब्रेक ढकलायला जोर लागायचा, हायवेवर भीती वाटायची. कोणीतरी सांगितलं की मागे डिस्क टाका, गाडी जागच्या जागी उभी राहील. त्यांनी इंदूरच्या एका गॅरेजमध्ये महागड्या व्हेरिएंटच्या डिस्क आणि कॅलिपर बसवून घेतले. चालत्या गाडीचा ब्रेक खरंच सुधारला. उभ्या गाडीचा बिघडला. मला आधी विचारलं असतं तर नको म्हणाले असते, पण काम झाल्यावर असं बोलणाऱ्या मेकॅनिकचा मला स्वतःलाच राग येतो, म्हणून गप्प बसले.

हँडब्रेकची केबल या कॅलिपरवरच्या एका छोट्या लिव्हरला ओढते. लिव्हर फिरला की आतला स्क्रू पॅडला पुढे ढकलतो. हँडब्रेक सोडला की लिव्हर आपल्या स्टॉपरवर येऊन टेकला पाहिजे. पॅड झिजले की कॅलिपर आतल्या आत ते अंतर भरून काढतो. पण लिव्हर पुरता मागे येऊन टेकला तरच. इंदूरच्या गॅरेजवाल्याने हँडब्रेक ढिला लागतोय म्हणून त्याच्या दांड्याखालचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळला होता. दोन्ही लिव्हर हवेत लटकत होते. त्यामुळे चाकं अडकत होती आणि कॅलिपरला स्वतःची ॲडजस्टमेंट करताच येत नव्हती.

नट पूर्ण सोडला. लिव्हर खट्‌कन स्टॉपरवर आले. शकीलभाईंना सीटवर बसवून चाळीस वेळा ब्रेक दाबायला लावला, म्हणजे पॅड आपापल्या जागी येतील. मग केबलचा नुसता ढिलेपणा जाईल इतकाच नट आवळला. चाकं मोकळी फिरली. हँडब्रेक सातव्या क्लिकला हाताला चांगला घट्ट लागला. गाडी धुतो त्या चढावर उभी केली, न्यूट्रलला ठेवली, मागून शकीलभाईंनी जोर लावून ओढलं. हलली नाही.

मी खूश. संध्याकाळीच गाडी दिली आणि प्रसादना सांगितलं की आता काळजी नको. हे वाक्य मी आता कुणाला सांगत नाही.

बुधवार ते शनिवार काही झालं नाही. सोमवारी संध्याकाळी साडेसातला फोन आला. गाडी पुन्हा सरकली होती. या वेळी आई डिकीच्या बाजूला उभ्या राहून हात लांब करून उघडत होत्या, म्हणून वाचल्या. प्रसाद रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं की दुसऱ्या दिवशी गाडी किती वाजता आणू.

मंगळवारी आम्ही दोन्ही कॅलिपर उतरवून पाहिले. लिव्हर ठीक, पॅड ठीक, कुठे तेल नाही, नट मी ठेवला होता तिथेच. चढावर उभी केली, धरते आहे. दहा वेळा केली, दहा वेळा धरली. आमच्याकडे गाडी शहाण्यासारखी वागत होती. कामात सगळ्यात त्रासाचं हेच असतं. बिघाड समोर दिसला तर त्याला पकडता येतं. न दिसणाऱ्या बिघाडाशी मेकॅनिक फार वेळ झगडत नाही, तो गिऱ्हाइकाला दोष देऊन मोकळा होतो.

वर्कशॉपचे मालक भंडारीजी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मैडम, ये काम किसका है?"

"इंदौर का।"

"तो गाड़ी इंदौर भेजो। दूसरे का बिगाड़ा हम क्यों गले में डालें? या उनको बोल दो, गियर में डाल के उतरा करें। बात ख़त्म।"

गिअरची गोष्ट मलाही सुचली होती. या प्रकारच्या ऑटोमॅटिकला ‘पार्क’ अशी वेगळी जागा नसते. गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केलं तर गाडी धरली जाते, न्यूट्रलला ठेवली तर सगळा भार हँडब्रेकवर. प्रसादना न्यूट्रलची सवय इंदूरच्या ऑफिसने लावली होती. तिथे पार्किंगमध्ये गाड्या एकीमागे एक लावतात आणि पार्किंगवाला हाताने ढकलून वाट काढतो. तो रोज काच ठोकून सांगणार, न्यूट्रल में छोड़ना साहब, हैंडब्रेक मत लगाना. तुमच्या-आमच्या गावातही हेच चालतं. सहा वर्षं रोज ऐकलेलं हाताला आपोआप लागतं. मी त्यांना गिअरचं सांगितलंच होतं. त्यावर ते म्हणाले होते, "ठेवीन ताई. पण एक दिवस विसरलो तर आईचं काय?"

मी भंडारीजींना म्हटलं, "सर, हमने गाड़ी चेक करके, ओके बोल के दी है। अब नाम तो हमारा आएगा ही। किस बात पे आएगा, बस इतना तय करना है।"

त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले की एक आठवडा घ्या, त्यानंतर ड्रम परत लावायला सांगू. मी हो म्हटलं, पण मनात एकदम हट्ट पेटला होता. ड्रम परत लावले असते तर गाडी थांबली असती, पण ती का सरकते हे मला जन्मभर कळलं नसतं.

टेबलाशी बसून दोन्ही जॉबकार्डं समोर ठेवली. दोन्ही मंगळवारची. म्हणजे दोन्ही वेळा गाडी सोमवारी सरकली होती. हे मोठ्याने बोलले आणि पस्तावले. पाच मिनिटांत सगळ्या वर्कशॉपला उत्तर सापडलं. सोमवार महाकालाचा, गाडीची काही तरी पूजा राहिली असेल. भंडारीजी तर गंभीरपणे म्हणाले की रामघाटावर त्यांच्या ओळखीचे पंडित आहेत. प्रसादच्या आईंनी गाडीची पूजा आधीच दोनदा करून घेतली होती. मी देवाला मानते. पण देव माझ्या वाट्याचं काम करून देईल असं मी कधी धरून चालले नाही.

सोमवारी उज्जैनमध्ये काय वेगळं असतं? गर्दी. श्रावण चालू होता. इंदूरच्या रस्त्याने आत शिरलं की ई-रिक्षा, बसेस, पायी चालणारे भाविक, जागोजागी बॅरिकेड. दोन किलोमीटरला पाऊण तास. म्हणजे ब्रेक, सोड, ब्रेक, सोड. ब्रेक गरम होणार. पण गरम ब्रेकचा आणि उभ्या गाडीचा काय संबंध, ते मला नीट जुळवता येईना. प्रसादना फोन केला आणि सांगितलं की येत्या सोमवारी मी तुमच्याबरोबर गाडीतून येणार. तोवर गिअर लावूनच उतरा आणि काकूंना मागे जाऊ देऊ नका.

सोमवारी दुपारी बसने इंदूरला गेले. पाच वाजता त्यांच्या शेजारी बसले. हाताने गाडी चालवणारा माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. इतकी नेमकी गाडी चालवणारे पायवाले मी थोडेच पाहिलेत. उज्जैनात शिरल्यावर अपेक्षेप्रमाणे तुंबलो. पुढे खांद्यावर कावड घेतलेले कावडिये, मागे टेम्पो. पाऊण तासाने नदी ओलांडून घराच्या चढावर आलो तेव्हा मागच्या चाकांतून गरम लोखंडाचा वास येत होता.

प्रसादनी नेहमीसारखं केलं. दांडा दाबून ठेवला, दुसऱ्या हाताने हँडब्रेक ओढला, सात क्लिक, गिअर न्यूट्रल, एसी चालू. मी उतरले. टायरच्या कडेपासून खाली फरशीपर्यंत खडूने एक सरळ रेघ मारली. टायरच्या मागे वीतभर अंतर सोडून वीट ठेवली, आणि परत येऊन बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता बसायचं. श्रावणातल्या सोमवारी आईचा उपास असतो ना. दिवे लागले की पूजेला बसते, मग मध्ये उठत नाही. अर्धा घंटा तरी लागतो. इतर दिवशी हॉर्न दिला की लगेच येते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे त्यांनी मला आधी का सांगितलं नाही? कारण मी विचारलंच नव्हतं. गाडी कशी सरकली हे मी चारदा विचारलं होतं. सरकायच्या आधी काय होतं, हे एकदाही नाही.

अर्धा तास बसलो. त्यांनी ऑफिसच्या गोष्टी सांगितल्या, मी वर्कशॉपच्या. घरातून घंटा वाजली तसं मी उतरून बाजूला उभी राहिले आणि डिकीला हात घालून एक हिसका दिला. गाडी सावकाश मागे आली आणि विटेला टेकली. खडूची रेघ तुटली होती, टायरवरची एकीकडे, फरशीवरची दुसरीकडे. चाकाला हात लावला. मघाशी जवळ जाववत नव्हतं, आता कोमट होतं.

आई बाहेर आल्या. लहानखुरी, ताठ बाई. विटेकडे बघून म्हणाल्या, "ही वीट मी रोज लावते, हा खुर्चीत बसला की. याच्या बाबांच्या वेळेपासून लावते. पण दोन महिने झाले, सकाळी निघतच नाही ग. टायर चढून बसतं तिच्यावर. हातोडीने ठोकावी लागते."

दोन महिने म्हणजे डिस्क लावल्यापासून. गाडी रोज रात्री सरकत होती. इतर दिवशी प्रसाद गरम ब्रेकवरच उतरून जात आणि पुढचं काम वीट करी. सोमवारी तेवढी काकूंची पूजा मध्ये यायची.

गोष्ट अशी आहे. लोखंड तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं, हे शाळेत शिकलेलं असतं. ड्रमच्या डब्याच्या आत शू पसरून बसलेले असतात. डबा थंड होऊन आकसला की शूंना आणखीच आवळतो. म्हणून ड्रमची गाडी उभी राहिली की जास्त पक्की होत जाते. डिस्कला उलट. तबकडी चिमट्यात धरलेली असते. ती थंड होऊन केसभर बारीक झाली की चिमट्याची पकड तेवढी कमी होते. फणसेंच्या घरची सगळी सवय ड्रमवर घडलेली होती. आमची टेस्टसुद्धा. आम्ही थंड गाडीवर हँडब्रेक ओढत होतो आणि दोन मिनिटांत ओके म्हणत होतो.

त्या रात्री मी भंडारीजींना फोनवर हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, चला, कारण मिळालं, गिऱ्हाइकाला समजावून सांगा की अर्ध्या तासाने पुन्हा एकदा ओढत जा. गाडीच्या पुस्तकातही असं लिहिलेलं असतं, ते खरं आहे. पण माझं समाधान होईना. महागड्या व्हेरिएंटला कंपनीच हीच डिस्क देते. त्या गाड्याही तापतात, थंड होतात. त्या काही रोज रात्री विटांवर चढत नाहीत.

बुधवारी तसली एक गाडी सर्व्हिसला आली. लिफ्टवर चढवली आणि शेजारच्या लिफ्टवर फणसेंची. दोघींच्या पोटाखाली मी आणि शकीलभाई आळीपाळीने बघत राहिलो. दहा मिनिटांत दिसलं. म्हणजे दिसत पहिल्या दिवसापासून होतं, बघितलं आत्ता.

कंपनीच्या गाडीत हँडब्रेकची केबल मोठा बाक घेऊन कॅलिपरपाशी येते आणि एका क्लॅम्पमध्ये बसते. फणसेंच्या गाडीत केबल ड्रमचीच ठेवली होती. नवीन टाकायची तर गाडीखालचं अर्धं सामान उतरवावं लागतं, ते इंदूरच्या गॅरेजवाल्याने टाळलं होतं. ती केबल कॅलिपरपर्यंत पोचवायला त्याने शेवटी तिला जवळजवळ काटकोनात वळवून प्लास्टिकच्या पट्टीने बांधली होती. सायकलची ब्रेकची वायर अशी मोडून बसली तर काय होतं आठवा. दांडा हाताला कडक लागतो, ब्रेक मात्र नाममात्र लागतो. हाताचा सगळा जोर त्या वळणातच खर्च होतो.

म्हणजे हँडब्रेक पहिल्यापासून जेमतेमच लागत होता. गरम असताना जेमतेम पुरायचा, थंड झाला की पुरायचा नाही.

पहिल्या दिवशी ती पट्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. हाताला घट्ट लागतंय ना, मग ठीक आहे, असं म्हणून सोडून दिली होती. सव्वीस वर्षांनंतर ही चूक. मला मनापासून लाज वाटली. शकीलभाई म्हणाले की त्यांनीही पाहिली होती, तेव्हा अर्धी लाज त्यांची. हे त्यांचं चांगुलपण, पण ओके लिहून सही मी केली होती.

योग्य केबल इंदूरहून मागवली. दोन दिवस लागले, तेवढे दिवस प्रसादनी रजा काढली. शुक्रवारी आम्ही सायलेन्सर उतरवला, उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल काढली, जुनी केबल काढली, नवीन तिच्या मूळ वाटेने नेली, क्लॅम्प बसवले. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. नट ढिला, लिव्हर स्टॉपरवर, चाळीस वेळा ब्रेक, नट फक्त ढिलेपणा जाईल इतका. आता सहाव्या क्लिकलाच असा लागला की शकीलभाईंनी भुवया वर केल्या.

यानंतर मी त्यांना गाडी देवास रोडवर न्यायला लावली. पळव, ब्रेक, पळव, ब्रेक. मागच्या चाकातून तोच वास यायला लागल्यावर परत आलो आणि धुण्याच्या चढावर उभी केली. न्यूट्रल. खडूची रेघ. एक तास खुर्ची टाकून समोर बसले. मध्ये भंडारीजी येऊन म्हणाले, "मैडम, आज गाड़ी को देखते ही रहोगी?" मी म्हटलं हो. तासाभराने डिकी उघडली, आपटली, दोन माणसं मागे लटकली. रेघ सरळ. शनिवारी पुन्हा दोनदा हेच केलं. रेघ सरळ.

सोमवारी संध्याकाळी मी आणि शकीलभाई प्रसादच्या घरी जाऊन त्यांची वाट बघत थांबलो. ते आले, गर्दीतूनच आले होते, चाकं तापलेली. हँडब्रेक ओढला. न्यूट्रल मीच मागितलं आणि टायरपासून फरशीपर्यंत खडूची रेघ मारली. आत पूजा चालू होती. अर्ध्या तासाने काकू बाहेर आल्या आणि सवयीने डिकीकडे निघाल्या. प्रसादनी खिडकीतून हाक मारली.

"आई, थांब." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही सांगता आहात म्हणजे झालं असेल काम. पण आईला मागे पाठवायची माझी हिंमत होत नाही."

त्यांचं बरोबर होतं. मी एकदा सांगितलं होतं की काळजी नको, आणि त्याचं काय झालं हे चौघांनाही माहीत होतं. आता नुसत्या बोलण्याला किंमत नव्हती.

"आज मागे मी उभी राहते," मी म्हटलं.

काकूंनी माझा दंड धरला. "घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"नवरा आहे, मुलगी आहे."

"मग बाजूला हो. मी म्हातारी आहे, माझं काय."

"काकू, मी बाजूला झाले तर उद्या तुम्हाला इथे कोणत्या तोंडाने उभी करू?"

त्यांनी दंड सोडला. शकीलभाई हातात वीट घेऊन चाकाशेजारी जाऊन बसले. मी बंपर आणि फाटक यांच्या मधे उभी राहिले. वर्कशॉपच्या चढावर समोर खुर्ची टाकून बसणं वेगळं आणि टनभर गाडीच्या मागच्या अंगाला गुडघे लावून उभं राहणं वेगळं. काकू इथे रोज उभ्या राहत होत्या.

"प्रसादजी, दांड्यावरचा हात काढा."

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. मी डिकी उघडली. गाडी स्प्रिंगवर जरा डुलली आणि जागेवर राहिली. खुर्ची जड होती, ती ओढताना बंपरला लागली, गाडी पुन्हा डुलली, पुन्हा जागेवर. खुर्ची उघडून दाराशी आणली. प्रसाद हातांवर भार देऊन सरकले, बसले. टायरखालची रेघ शकीलभाईंनी वाकून पाहिली आणि मान हलवली. प्रसादनी डोळे पुसले आणि आईला म्हणाले की यांना फराळाचं दे, यांना सोडू नको.

साबुदाण्याची खिचडी खाऊन निघताना त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. हँडब्रेक लावला तरी गिअरही लावायचा, दोन कुलपं कधीही बरी. आणि दर सर्व्हिसला केबल मला दाखवायची. त्यांनी मोबाईलमध्ये लिहून घेतलं. ऑडिटवाला माणूस, तो विसरणार नाही. पार्किंगवाल्यालाही त्यांनी सांगितलंय की माझी गाडी ढकलायची नाही, हवं तर मला खाली बोलव.

आमच्या जॉबकार्डवर आता हँडब्रेकच्या कामापुढे दोन ओळी जास्त आहेत. पहिली: गाडी गरम करून चढावर अर्धा तास उभी करणे. दुसरी: त्यानंतर ज्याने नट आवळला त्यानेच मागे उभं राहून डिकी उघडणे. भंडारीजींनी ती दुसरी ओळ वाचून विचारलं, हे कशासाठी. मी म्हटलं, सर, तपासणीसाठी. त्या दिवसापासून आमच्याकडे हँडब्रेकचं काम कुणी घाईत उरकत नाही.